फटाक्यांना घाबरणारा कुत्रा: गणपतीपासून शिमग्यापर्यंतची तयारी

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला वाटतं, फटाक्यांचा त्रास दिवाळीपुरता, चार दिवसांचा. कोकणात तसं नसतं. गणपती घरी आणताना माळ लागते, विसर्जनाला लागते, आणि विसर्जनं दीड दिवसापासून अकराव्या, काही घरांत एकविसाव्या दिवसापर्यंत चालूच असतात. मग दिवाळी, तुळशीचं लग्न, गावोगावच्या जत्रा, थर्टी फर्स्टला किनाऱ्यावर उतरलेले पर्यटक, शिमग्याच्या पालख्या, मे महिन्यातली लग्नं. मध्येच ग्रामपंचायतीचा निकाल लागतो, नाहीतर भारत मॅच जिंकतो. या सगळ्यांना पुरून उरतो तो शेजारचा बागायतदार. केळीतली माकडं हाकलायला तो भर दुपारी सुतळी बॉम्ब लावतो आणि त्याला कुठलीच तिथी लागत नाही. शिवाय जूनच्या तोंडावरचा आणि परतीच्या पावसातला गडगडाट आहेच. फटाक्याला घाबरणारे बरेच कुत्रे ढगांनाही घाबरतात.

त्यामुळे तयारी वसुबारसेला सुरू करून भागत नाही. औषधं, जॅकेटं, यूट्यूबवरचं शांत संगीत हे सगळं नंतर बघू. त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: आवाज सुरू झाला की आपला कुत्रा नेमका कुठे असणार? आपल्याकडचे बहुतेक कुत्रे खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, नाहीतर पडवीत राहतात. तिथे लपायला जागा नसते. जागा नाही म्हणून कुत्रा पळतो, आणि पळाला की पुढे उघड्या विहिरी आहेत, डुकरांसाठी लावलेल्या फासक्या आहेत, रस्त्यावरच्या गाड्या आहेत, बिबट्या आहे. फटाक्याने कुत्रा भाजण्यापेक्षा भीतीने पळून जिवाला मुकण्याचा धोका मला जास्त वाटतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका हिशेबावर बेतलेल्या आहेत.

आधी भीती ओळखा

थरथर, शेपूट पायांत, खाटेखाली दडी, हे कुणालाही कळतं. पण कुत्रा त्याच्या बऱ्याच आधी सांगायला लागतो. समोर खाणं नसताना जीभ ओठांवरून फिरवतो. झोप आलेली नसताना जांभया देतो. कान मागे चिकटतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, पुढचा एक पाय उचललेला राहतो. धाप लागते, लाळ गळते. कोबा किंवा लादी असेल तर तो चालून गेल्यावर जमिनीकडे बघा. तळव्यांना घाम येतो, त्यामुळे बोटांसकट ओले ठसे उमटलेले दिसतात आणि पंखा चालू असेल तर बघता बघता वाळून जातात. मोठ्या केसांच्या, काळ्या कुत्र्याच्या तोंडावरचे भाव वाचता येत नाहीत, तिथे हे ठसे फार उपयोगी.

काही कुत्रे याच्या उलट वागतात. भुंकत सुटतात, दार खरवडतात, माळ लागली तिकडे धावून जातात. गावात लगेच कौतुक होतं, "बघा, वाघ आहे, घाबरत नाही." बऱ्याचदा तीही भीतीच असते, फक्त बाहेर पडायची वाट वेगळी.

कुत्र्याला आवाज आपल्यापेक्षा वेगळा ऐकू येतो, हेही ध्यानात घ्या. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा ४५,००० हर्ट्झच्या आसपास. शिट्टी मारत वर जाणाऱ्या बाणात आपल्याला ऐकूच न येणारं बरंच काही त्याला ऐकू येतं. सरकारी नियमाप्रमाणे फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायला बंदी आहे. म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा काही हळू आवाजाचा नसतो.

"सवय होईल त्याला" हे वाक्य तुम्ही शंभर तोंडून ऐकाल. आपसूक सवय क्वचितच होते. खऱ्या भित्र्या कुत्र्याची भीती दर सणाला वाढते. आधी बॉम्ब, मग लवंगी, मग आकाशात नुसता उजेड चमकला तरी. कुत्र्याला मुद्दाम माळेजवळ नेऊन "धीट" करायचा उद्योग तर अजिबात नको.

आणखी एक. सहा-सात वर्षं निवांत असलेला कुत्रा अचानक आवाजाला घाबरायला लागला, तर आधी त्याचं अंग तपासून घ्या. सांधे, कंबर, दात, कान. दुखणं आणि आवाजाची भीती यांचं नातं असतं. दचकल्यावर अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि आवाज झाला की दुखतं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

माजघरात जागा मिळवा

कोकणातल्या घरात सगळ्यात कठीण पायरी हीच, कारण इथे कुत्र्याला नाही, माणसांना समजवायचं असतं. कुत्रा ओटी ओलांडून आत आला की घरातलं वडीलधारं माणूस विचारणार, "कुत्रो माजघरात? ह्यां काय नवीन?" हा वाद आरतीची तयारी चालू असताना घालू नका. एक-दोन महिने आधी, साध्या दिवशी घाला. आजीला सांगा, देवघराचं दार बंद राहील, तो एकाच कोपऱ्यात बसेल, त्याचं गोणपाट वेगळं असेल. आणि तसंच करून दाखवा. एकदा कुत्रा गुपचूप एका जागी बसतो हे दिसलं, की बहुतेक आज्या विरघळतात. काही तर त्याला आपल्या हाताने भाकरी टाकायला लागतात.

जागा कोणती? कुत्रा याआधी घाबरून कुठे गेला होता ते आठवा. कुणी खाटेखाली जातो, कुणी जिन्याखाली, कुणी न्हाणीत. त्याने निवडलेली जागा धोक्याची नसेल तर तीच पक्की करा, दुसरीकडे ओढू नका. निवड तुम्हालाच करायची असेल तर जाड चिऱ्याच्या भिंतींची, घराच्या मधली खोली बरी. कौलारू घरात आवाज भिंतीतून कमी आणि कौलांच्या फटींतून जास्त येतो, म्हणून वर माळा असलेली खोली असेल तर उत्तम. स्लॅबच्या घरात खिडक्या कमी असलेली, रस्त्याच्या उलट्या बाजूची खोली घ्या. तिथे जुनं टेबल किंवा बाकडं ठेवून त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारी गोधडी टाका, खाली त्याचं गोणपाट. गोधडीची एक बाजू कायम उघडी राहू दे. आत कोंडलं गेलं असं वाटलं की कुत्रा दार फोडायला बघतो, नखं तुटतात, दात तुटतात.

ही जागा सणाच्या दिवशी पहिल्यांदा दाखवाल तर ती त्याला शिक्षेची खोली वाटेल. आधीपासून रोजचं एक जेवण तिथेच द्या. दुपारी तिथे झोपला तर कुणी हलवू नका. पोरांना सांगून ठेवा, तो गोणपाटावर असताना त्याच्या अंगाला हात लावायचा नाही.

गणपतीत घर माणसांनी भरतं, सोवळं-ओवळं असतं, माजघर मिळत नाही. अशा घरात मागची पडवी बंद करून घ्या किंवा गोठा वापरा. गुरांच्या सोबतीने वाढलेले काही कुत्रे गोठ्यात पेंढ्यावर चांगले निवांत राहतात. अट एवढीच की गोठ्याला दार हवं आणि कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं. ओळखीच्या घरी नेऊन ठेवायचा विचार असेल तर त्या घरात तो आधी दोन-चार वेळा जेवून-झोपून आलेला असावा.

खळ्यात साखळीला बांधून ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. घाबरलेला कुत्रा साखळीला हिसके देतो, गळ्याला फास बसतो. गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, बांधला असेल तर गडग्यावरून उडी मारून पलीकडे लटकतो.

गोणपाट, बोंबील आणि मोबाइल

आता कुत्र्याची शिकवणी. यासाठी आषाढ-श्रावण हा आपल्याकडचा उत्तम काळ. पाऊस लागून राहिलेला असतो, पण जूनच्या सुरुवातीसारखा गडगडाट आता फारसा नसतो, फटाकेही नसतात, आणि आपणही घरातच असतो. आषाढाच्या सुरुवातीला हात घातलात तर गणपतीपर्यंत आठ-नऊ आठवडे मिळतात.

पहिले काही दिवस आवाजाचं नाव काढू नका. फक्त गोणपाट. तो त्यावर आपणहून बसला की तोंडात एक घास. आडवा झाला की आणखी एक. अंग सैल सोडून हनुवटी पायांवर टेकली की एक, हळू आवाजात, हळू हाताने. हुकूम सोडायची गरज नाही. त्याला एवढंच कळायला हवं की या चौकोनात निवांत पडलं की भलं होतं. हे गोणपाट पुढे कुठेही नेता येतं, गोठ्यात, पाहुण्यांच्या घरी, गाडीत. पिल्लू नवीन असेल तर हा खेळ त्याला पहिल्या आठवड्यापासून शिकवा. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जगाशी जी ओळख होते ती आयुष्यभर पुरते. तेव्हा झाकण पडलं, दार आपटलं, पत्र्यावर नारळाची झावळी पडली, की लगेच एक घास आणि हसरा चेहरा.

घास कसला? रोजचा भात-भाकरी नको. ज्याच्यासाठी तो जीव टाकेल असं काहीतरी: मीठ न लावलेल्या सुक्या बोंबलाचे नखाएवढे तुकडे, चिकनची उकडलेली कलेजी, काटे नीट काढलेला उकडलेला बांगडा. खारवलेली मासळी नको. फराळाच्या ताटातलं तर काहीच नको. चिवड्यातले बेदाणे, लाडवातले मनुके, चॉकलेट हे कुत्र्याला विषारी, कांदा-लसूणही वाईट.

मग आवाज. फटाक्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज मोबाइलवर मिळतो. सुरुवात इतकी हळू करा की तुम्हालाच शंका यावी, लागलाय की नाही. कुत्र्याचा फक्त कान हलला पाहिजे. आवाज झाला, की क्षणभराने घास. पुन्हा आवाज, पुन्हा घास. क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी घास आणि मग आवाज असं झालं तर काही दिवसांनी बोंबील दिसला की तो खाटेखाली जाईल, कारण बोंबलापाठोपाठ धडाका येतो हे तो शिकलेला असेल. एका बैठकीला पाच मिनिटं पुष्कळ. दोन-तीन दिवस त्याच पातळीवर निवांत राहिला तर आवाज किंचित वाढवा. ओठ चाटायला लागला, घास नाकारला, उठून गेला, की तुम्ही घाई केलीत. दोन पायऱ्या खाली या.

पुढे स्पीकर दुसऱ्या खोलीत ठेवा, पडवीत ठेवा, वेळ बदला. पण या शिकवणीला मर्यादा आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून पोटात घुमणारा दणका येत नाही, उजेड येत नाही, गंधकाचा वास येत नाही. म्हणून रेकॉर्डिंगवर पास झालेला कुत्रा नरकचतुर्दशीच्या पहाटे नापास होऊ शकतो. शिकवणी वाया गेली असं त्याने होत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. आणि खरे फटाके वाजायला लागले की रेकॉर्डिंग बंद ठेवा.

खऱ्या फटाक्यांच्या वेळी याच युक्तीचं सोपं रूप वापरायचं: धडाका झाला की घास, प्रत्येक धडाक्याला, हसत. बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी बाराशेहून जास्त कुत्रेवाल्यांना विचारून २०२० मध्ये निष्कर्ष छापले. त्यात धडाक्यामागून लगेच खाऊ देणं किंवा खेळायला घेणं ७० टक्क्यांहून जास्त मालकांना उपयोगी वाटलं होतं. निवांत राहण्याची शिकवण आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं त्याच्या खालोखाल, रेकॉर्डिंगची सवय ५५ टक्के, अंगाला घट्ट बसणारं जॅकेट ४४. वासाच्या कुप्या, जडीबुटी, होमिओपॅथी वगैरे सगळं २७ ते ३५ टक्क्यांत. हे मालकांचं मत आहे, प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे. तरी पैसे आणि वेळ कुठे घालायचा ते यातून कळतं.

जॅकेटचं म्हणाल तर विकत घेण्याआधी जुना टी-शर्ट घालून बघा किंवा ओढणी छातीभोवती बेताची घट्ट गुंडाळा. शांत दिवशी घालून बघा. काहींना बरं वाटतं, काही पुतळ्यासारखे उभे राहतात. उभा राहिला म्हणजे शांत झाला असं नाही, काढून टाका.

डॉक्टरांकडे लवकर जा

कुत्रा घास घेत नसेल, तासन्‌तास थरथरत असेल, अंथरुणात लघवी करत असेल, दारं फोडत असेल, तर नुसत्या शिकवणीने भागणार नाही. औषध लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना एक तयारी करा. तिथल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी नि शेळ्यांत जातो, कुत्र्याची भीती हा त्यांच्याकडे रोजचा विषय नसतो. मोबाइलवर कुत्र्याचा घाबरलेला व्हिडिओ काढून न्या. वजन, वय, चालू औषधं कागदावर लिहून न्या. दाराशी पाऊल टाकलं की बहुतेक कुत्रे वेगळेच वागतात, व्हिडिओ खोटं बोलत नाही.

डॉक्टरांशी बोलताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. एसेप्रोमेझिन हे जुनं गुंगीचं औषध अजून काही ठिकाणी एकटंच दिलं जातं. त्याने कुत्रा हलत नाही, पण भीती तशीच राहते. ऐकू येतं, पळता येत नाही. खरोखर भीती कमी करणारी औषधं आता आहेत, त्यांबद्दल विचारा. दुसरं, गॅबापेंटिन लिहून दिलं तर गोळी किंवा कॅप्सूलच घ्या. माणसांसाठीच्या त्याच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा गोडी आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विष आहे.

औषध कुठलंही असो, एखाद्या शांत दिवशी, तुम्ही घरी असताना, एकदा देऊन बघा. किती वेळाने लागू पडतं, किती टिकतं, उलटं तर वागत नाही ना, हे तेव्हाच कळतं. बहुतेक गोळ्या आवाज सुरू व्हायच्या आधी पोटात जायला हव्यात. कुत्रा थरथरायला लागल्यावर दिलेली गोळी बरीचशी वाया जाते. घरातल्या माणसांची झोपेची गोळी, भांग, दारूचं बूच, यातलं काहीही नको. "थोडी पाजली की झोपतो" हा सल्ला देणारा भेटेलच. दारू कुत्र्याला थोडीसुद्धा बाधते.

जातच आहात तर रेबीजची लस झाली आहे ना तेही बघून घ्या. घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, कुत्रा घरचा असला तरी.

प्रत्यक्ष सणाच्या दिवशी

दिवसाचं वेळापत्रक कुत्र्यासाठी पुढे ओढा. दुपारी लांब फेरी, दोरी लावूनच. तिन्हीसांजेच्या आधी जेवण, शी-शू सगळं उरकलेलं. गळपट्टा घट्ट, दोन बोटं जेमतेम जातील इतका, आणि त्यावर पक्क्या शाईने तुमचा मोबाइल नंबर. धातूचा बिल्ला मिळाला तर छान, नाही मिळाला तर बेल्टवर लिहिलेला नंबरही पुरतो. त्या दिवशीचा ताजा फोटो काढून ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीचे फटाके रात्री ८ ते १० या दोन तासांत आणि लड्यांवर बंदी असा आदेश दिला होता. वाडीत घड्याळ कोण बघतो हे तुम्हाला माहीत आहे. तरी ती वेळ पोरांशी बोलायला कामी येते: "आठच्या आधी नको रे, नि शाळेच्या मैदानात लावा." सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, पाठवू नका. दिवाळीपर्यंत तिथलं गवत वाळायला लागतं, एक ठिणगी पडली की वणवा काजूत शिरतो. बागायतदाराशीही बोलून ठेवा. बॉम्ब लावायच्या आधी फोनवर एक मिस्ड कॉल द्यायला बहुतेक जण तयार होतात.

सिंधुदुर्गात राहत असाल तर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीपासूनच कुत्रा आत घ्या. नरकासुराच्या मिरवणुका रात्रभर चालतात, पहाटे दहन होतं, आणि कारीट फोडून अभ्यंगस्नान उरकलेली पोरं लगेच माळा घेऊन खळ्यात. पहाटे चारला कुत्र्याला सवयीने बाहेर सोडू नका.

संध्याकाळ झाली की खिडक्या बंद, पडदे ओढलेले, खोलीत दिवा चालू म्हणजे बाहेरची चमक कमी दिसते. पंखा पूर्ण वेगात. टीव्ही किंवा रेडिओवर एकसारखा चालणारा आवाज, भजन चालेल, मध्येच किंचाळणारी मालिका नको. मोबाइल आणि एखादा स्पीकर पूर्ण चार्ज करून ठेवा, कारण नेमकी तेव्हाच लाइट जाते. पंखा थांबतो, टीव्ही थांबतो, आणि त्या शांततेत पुढचा बॉम्ब दुप्पट मोठा वाटतो. लाइट गेल्यावर बंद खोलीत उकाडाही वाढतो. घाबरलेला कुत्रा आधीच धापत असतो. पाणी भरलेलं ठेवा, आडोशाची एखादी खिडकी उघडा, ओल्या फडक्याने पोट आणि तळवे पुसा.

आता तुम्ही काय करायचं? जवळ बसा. भाजी निवडा, पुस्तक वाचा, पण त्याच खोलीत. कुत्रा अंगाला येऊन चिकटला तर कुरवाळा. कुरवाळल्याने भीतीला खतपाणी मिळतं हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. भीती ही भावना आहे, ती लाडाने वाढत नाही. तो लपला असेल तर मात्र लपू द्या, बाहेर काढून मिठी मारू नका. धडाका झाला की घास. घास घेत नसेल तर शिकवणी सोडा, नुसतं बसा. ओरडणं, खेचणं, "गप बस" काही नको.

गणपतीत खरी जोखीम दाराची. चाकरमानी येतात, आरतीला शेजार येतो, ओटीवर चपलांचा ढीग, कोणीतरी सारखं दार उघडं टाकतं. कुत्र्याच्या खोलीच्या दाराला आतून कडी आणि बाहेर मोठ्या अक्षरांत कागद: कुत्रा आत आहे, दार उघडू नये. घरातल्या एका माणसाकडे एवढंच काम द्या. विसर्जनाला सगळं घर निघालं तरी तो मागे राहील. कुत्र्याला "एकटा कसा ठेवायचा" म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीत नेणारे लोक मी बघतो. नका नेऊ.

पळालाच तर

मागे धावू नका. पाठलागाने तो आणखी लांब जातो. घाबरलेले बरेचसे कुत्रे सुरुवातीचा धक्का ओसरला की जवळपास कुठेतरी दडून बसतात: गोठ्यात, लाकडांच्या खोपीत, गटाराच्या पाइपात, ओढून ठेवलेल्या होडीखाली. हाक मारली तरी ओ देत नाहीत, त्यामुळे टॉर्च घेऊन बघावंच लागतं. उजेडात डोळे चमकतात. दिसला तर अंग बाजूला वळवून बसा, नजर दुसरीकडे, आणि जेवणाच्या वेळी जसा आवाज करता तसा करा. ताटली चमच्याने वाजवा, बोंबलाची पिशवी चुरगळा. हाताशी आला तरी झडप घालू नका, आधी घास.

सापडला नाही तर खळ्यात त्याचं गोणपाट आणि तुमचा वापरलेला सदरा टाकून ठेवा, बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडं ठेवा. फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकाच, पण पहाटे फिरणाऱ्या माणसांना तोंडी सांगा: दूधवाला, मासेवाली काकी, नळाला पाणी सोडणारा, पहिल्या एसटीचा कंडक्टर. त्यांना वाटेवरचं सगळं दिसतं. उजाडलं की पहिल्यांदा विहिरी बघा, विशेषतः कठडा नसलेल्या, बागेतल्या. मग डुकरांच्या वाटा, तिथे फासक्या असतात. कुत्रा फासकीत अडकलेला दिसला तर हात घालायच्या आधी त्याच्या तोंडावर जाड गोधडी टाका. वेदनेत तो कुणालाही ओळखत नाही.

भाजला असेल तर नळाचं साधं गार पाणी १० ते २० मिनिटं, बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी

सकाळी कुत्र्याला सोडण्याआधी खळं आणि समोरचा रस्ता झाडून घ्या. न फुटलेल्या फटाक्यांत शोरा, गंधक असतात, बेरियमचे क्षारही असू शकतात. पिल्लं ते चघळतात. खाल्लं असेल आणि उलट्या, जुलाब, तोल जाणं, अंग लुळं पडणं असं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना गाठा, वेष्टन सोबत न्या. पुढचे दोन-तीन दिवस फेरी दोरी लावूनच. भीती उतरायला वेळ लागतो, आणि एखादी उरलेली लवंगी कुणीतरी वाजवतंच.

वाडीतल्या बिनमालकाच्या कुत्र्यांसाठी फार काही करावं लागत नाही. खोपीचं दार रात्रभर उघडं ठेवा, दोन पोती आणि पाण्याचं भांडं आत ठेवा. त्यांच्या शेपटीला फटाका बांधणारं पोर दिसलं तर मात्र गप्प बसू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे हे त्याच्या बापाला, चारचौघांत नको, बाजूला घेऊन सांगा.

आणि पाडवा झाला की गोळ्यांचं पाकीट उघडून किती उरल्या ते मोजा. कोणत्या दिवशी किती वाजता दिली, किती वेळाने शांत झाला, घास घेतला का, हे कॅलेंडरवरच त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. तुळशीची लग्नं दहा-बारा दिवसांवर आलेली असतात, आणि नवीन गोळ्यांसाठी तालुक्याला जायचं तर बाजाराच्या दिवशीच जाणं होतं.